चार वाजताचा रकाना

बांडुंग,
सोमवार, ३ नोव्हेंबर

प्रिय गानिस,

अस्सलामु अलैकुम. तुझं पत्र मिळालं, दोदोलचा पुडाही मिळाला. पुडा छपाईच्या टेबलावर ठेवून मी हात धुवायला गेलो आणि परत येईपर्यंत माझ्या वाटणीला दोन वड्या उरल्या होत्या. आमच्या दुकानात टी-शर्टवर बँडची नावं छापणारे कमी आणि खाणारे जास्त, हे तुला माहीत आहेच. तुझ्या आईला, इबूंना, माझा सलाम सांग. त्यांच्या गुडघ्याला आता आराम असेल अशी आशा करतो.

तू लिहिलंस, "गुमी कांग, दादासाठी दर वर्षी करायचास तशी मेळ्याची यादी मला करून दे. फोनवर नको, कागदावर, तुझ्या अक्षरात." विल्दानला दादा आणि मला कांग, म्हणजे थोरला भाऊच, म्हणत आलीस तू. या वर्षी कुणालाच यादी करून द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. सात-आठ जण येऊन गेले, सगळ्यांना काहीबाही सांगून वाटेला लावलं. पण विल्दानच्या बहिणीला नाही म्हणायला मी तोंड कुठून आणू?

तर ऐक. शनिवार-रविवार मिळून पाच रंगमंच आणि बेचाळीस बँड आहेत. सगळं ऐकायला गेलीस तर काहीच ऐकून होणार नाही, नुसती पायपीट होईल. दिवसाला चारच ऐकायचे. एका ठिकाणाहून दुसरीकडे पळत जायचं नाही. चारांतला एक असा निवडायचा की ज्याचं नावही आपण कधी ऐकलेलं नाही. विल्दान हा शेवटचा नियम कधीच पाळायचा नाही. "न ऐकलेला बँड ऐकण्यापेक्षा ऐकलेला दोनदा ऐकेन," म्हणायचा, आणि माझी यादी चार घड्या करून खिशात ठेवायचा. गर्दीत फोनला रेंज मिळत नाही म्हणून मी कागदावर लिहायला लागलो होतो. पुढे पुढे लोकांना ते शकुनासारखं वाटायला लागलं. गुमीची यादी खिशात असली की दिवस चांगला जातो, असं काय काय बोलायचे.

शनिवारी दुपारी एक वाजता पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर जा. तिथे "भिजलेली काडेपेटी" आहेत. चौघंही शाळेत शिक्षक आहेत, आणि वर्गात ओरडता येत नाही त्याची भरपाई करत असल्यासारखे गातात. अडीचला कॉलेजच्या अंगणात त्या दोघी सुमेदांगच्या बहिणी कचापीच्या तारा छेडत गातात. हा तुझा न ऐकलेला बँड. थोरली मधेच गाणं थांबवून धाकटीला रागावते, तेही ऐकण्यासारखं असतं. चार वाजता बाजाराच्या कोपऱ्यावर जाऊन सुराबी खा, नारळाच्या रसातले ते गरम घावन. उपाशीपोटी गाणं ऐकलं की सगळंच रडकं वाटतं. साडेपाचला बागेतल्या मोठ्या मंचावर ये, मी तिथे भेटेन. रविवारची यादी मागच्या पानावर लिहिली आहे.

बाकी इकडचं म्हणशील तर दुकान बरं चाललंय. मेलाती हॉल पुन्हा उघडलाय. आतून-बाहेरून रंग दिलाय, बिस्किटासारखा. बाजूचं दारही त्याच रंगात रंगवलंय. गल्लीतून गेलं तर तिथे दार आहे हे पटकन कळतसुद्धा नाही.

रोज चारच्या सुमारास आभाळ काळं होतं, वारा पडतो, कुत्री दुकानांच्या पायऱ्यांवर चढून बसतात आणि मग पाऊस पडतच नाही. आठ दिवस असंच चाललंय. मेळ्याच्या लोकांनी या वर्षी पाऊस अडवून धरायला एकाऐवजी दोन पावसावाले बोलावलेत म्हणे. गेल्या वर्षीच्या आबा ओमोनना अर्थातच नाही. बागेभोवती आतापासून काड्या रोवल्यात, लाल मिरच्या आणि कांदे ओवलेल्या. येता-जाता नजर जाते आणि मी रस्ता बदलतो.

चारला सुराबी खा, गानिस. एवढं ऐक माझं.

तुझा,
गुमी कांग


गारुत,
शनिवार, ८ नोव्हेंबर

गुमी कांगना,

अस्सलामु अलैकुम. यादी पोचली. इबूंनी आधी अक्षर बघितलं, मग वाचली, मग उशीखाली ठेवली, आणि मला तीन दिवसांनी मिळाली. म्हणून उत्तराला उशीर.

आता भांडते. चार वाजता सुराबी? गारुतहून तीन तास व्हॅनमध्ये आंबून मी बांडुंगला सुराबी खायला येऊ? आमच्याकडे काय तवे नाहीत? अख्ख्या मेळ्यात मला चार वाजताच यायचं आहे आणि तेवढाच रकाना तू माझ्या पोटावर सोडलास!

तुला माहीत नसेल असं होणारच नाही, पण तरी लिहिते. शनिवारी चार वाजता मेलाती हॉलमध्ये "मावशीचा रेडिओ" आहे. गेल्या वर्षी होता तोच बँड, तीच वेळ. त्यांच्या गाणाऱ्या बाईंनी स्वतः इबूंना फोन केला. दादाला आवडणारं गाणं त्या त्याच्या नावाने म्हणणार आहेत, आणि त्याच्याबरोबर गेलेल्या सिमाहीच्या त्या कॉलेजच्या मुलीच्या नावाने दुसरं. इबूंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "मी पण येणार." इबू! ज्यांनी वर्षभर घरात रेडिओ लावू दिला नाही! त्या आल्या तर बाजूच्या दारापाशी उभ्या राहणार, जिथे तो सापडला तिथे. मी सांगितलं, इबू, तिथे गर्दी असेल, तुमचा गुडघा. तर म्हणतात, "भिंतीला टेकून उभी राहीन."

आणखी एक विचारायचं आहे. हे मी खूप दिवस विचारणार होते.

हॉस्पिटलने दादाचे कपडे दिले त्यात शर्टाच्या खिशात तुझी गेल्या वर्षीची यादी होती. भिजलेली, पण पेन्सिलीने लिहिलेली म्हणून वाचता येते. इबूंनी ती दोदोलच्या डब्यात ठेवली आहे. काल तुझी नवी यादी हातात आली तेव्हा अक्षर ताडून बघायला दोन्ही शेजारी ठेवल्या. जुन्या यादीत तू लिहिलंयस, "चार वाजता: मेलाती हॉल. बाजूच्या दाराला लागून उभा राहा, मी पलीकडेच आहे."

पण तू तर आम्हाला सांगितलं होतंस की तू त्या वेळी मंचाच्या मागे वायरी सांभाळत होतास. चौकशीतही तसंच सांगितलंस, मी तिथे बसले होते. मग तू कुठे होतास? दारापलीकडे की मंचामागे?

मी काही तपास करत नाही, कांग. रागावू नकोस. फक्त इबू विचारतात, शेवटी त्याच्या जवळ कोण होतं.

जाता जाता, आबा ओमोन ईदला आमच्या दारात आले होते. टोपलीत भात आणि कोंबडी घेऊन. इबूंनी टोपली न उघडता परत पाठवली. "ज्याला पाऊस धरता येत नाही त्याने पैजा मारू नयेत," म्हणाल्या. म्हातारा टोपली डोक्यावर घेऊन गेला. मला तेव्हापासून बरं वाटत नाही.

आम्ही शनिवारी बाराच्या व्हॅनने निघू आणि थेट हॉलवर येऊ.

तुझी,
गानिस


बांडुंग,
गुरुवार, १३ नोव्हेंबर, सकाळ

गानिस,

अस्सलामु अलैकुम. हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. नऊच्या गारुतच्या व्हॅनच्या चालकाकडे देतोय आणि तुझ्या हातातच द्यायला सांगतोय. दुपारपर्यंत तुला मिळेल. इबूंना लगेच दाखवू नकोस. आधी तू वाच, शेवटपर्यंत वाच, आणि मग काय करायचं ते कर.

मी दारापलीकडेही नव्हतो आणि मंचामागेही नव्हतो. मी बागेत होतो. गाणं ऐकत होतो.

लिहिलं एकदाचं.

आता नीट सांगतो. मेलाती हॉलला दोनच दारं, पुढचं आणि बाजूचं. बाजूचं दार गल्लीत, बाहेरच्या बाजूला उघडतं. बिनतिकिटाची माणसं त्यातून आत घुसतात, म्हणून त्याच्या दोन कड्यांतून बाहेरून साखळी घालायची, आमच्या मेळ्याची ही पहिल्यापासूनची पद्धत. पण साखळी नुसती अडकवायची. कुलूप लावायचं ते कुणी खरोखरच ढकलायला लागलं तरच, आणि किल्लीवाला तिथे उभा असेल तोपर्यंतच. हॉल रिकामा होईपर्यंत किल्लीवाल्याने दार सोडायचं नाही. गेल्या वर्षी किल्लीवाला मी होतो.

विल्दान बागेत यायचं म्हणत होता. चार वाजता बागेत "शेवटची अंगकोत" हे बँडवाले होते, सहा वर्षांपूर्वी फुटलेले, पुन्हा एकदाच एकत्र येणार होते. त्यांचा पहिला टी-शर्ट आम्ही दोघांनी मिळून छापला होता. मी त्याला म्हटलं, मी दारावर अडकलोय, मला एकट्याला टाकून तू जाणार का? तू हॉलमध्ये ये, दाराला लागून उभा राहा, मधेमधे दार किलकिलं करून गप्पा मारू. तो हसला. "तुझ्यासाठी अंगकोत सोडतोय, लक्षात ठेव," म्हणाला. माझ्यासाठी त्याने ते सोडलं आणि मी त्याला सोडून तिथेच गेलो.

चारला दहा कमी असताना आबा ओमोन गल्लीत आले. दाराशेजारी काडी रोवली, लवंगेची सिगारेट ओढली, वर बघितलं. मी विचारलं, आबा, काय म्हणतंय? ते म्हणाले, "बागेवर आहे माझी पकड पाचपर्यंत. हॉलच्या अंगाला सांगवत नाही. तू दार सोडू नकोस." ऐकलंस, गानिस? त्यांनी मला बजावलं होतं. मी त्यातलं पाचपर्यंत एवढंच ऐकलं. आपल्याकडे पावसावाल्याने वेळ दिली की माणूस छत्री घरी ठेवतो, तसं मी केलं. पाऊस नाही तर बागेतली गर्दी हॉलकडे पळत येणार नाही. गर्दी नाही तर दाराचं काय काम? आणि बागेतून गिटार जुळवण्याचा आवाज यायला लागला होता.

तीन गाणी ऐकून परत येतो, असं स्वतःला सांगितलं. माझ्या मागे कुणी घुसू नये म्हणून साखळीला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. विल्दानला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तोही आला असता आणि दार अगदीच उघडं पडलं असतं, असा माझा हिशोब. किल्ली गल्लीतल्या कुणाकडे देता आली असती. धोबीणबाई समोरच बसल्या होत्या. दिली नाही.

तिसरं गाणं चालू असताना पहिले थेंब पडले. मोठे, लांब लांब पडणारे. लोक हॉलकडे धावायला लागले.

आता जे लिहितो ते मी एकट्यात स्वतःशीसुद्धा पूर्ण बोललेलो नाही. मी लगेच पळालो नाही. त्यांनी चौथं गाणं सुरू केलं, ज्याच्यासाठी मी सहा वर्षं थांबलो होतो. समोरची जागा रिकामी झाली होती. मी पुढे गेलो आणि अख्खं गाणं ऐकलं. पाच मिनिटांचं आहे.

मग पळालो. गल्लीत पोचलो तेव्हा दार आतून थडथडत होतं. पुढच्या दारातून बागेतली माणसं आत कोंबली जात होती आणि आतली बाजूच्या दाराकडे ढकलली जात होती. माझ्या हातातून किल्ली दोनदा पडली. उघडेपर्यंत थडथड थांबली होती. दाराला सगळ्यांत चिकटून विल्दान होता, मी सांगितलं होतं तिथे. सिमाहीची ती मुलगी त्याच्या शेजारी होती. तो थोडा वेळ जिवंत होता, गानिस. डोळे उघडे होते आणि मला बघत होता. इबूंना सांग, शेवटी त्याच्या जवळ मी होतो. हे सांगायची मला लाज वाटते, पण त्यांनी विचारलंय.

साखळी आणि कुलूप मी कचऱ्यात टाकलं. पाहिलं फक्त धोबीणबाईंनी, आणि त्या महिन्याभरात मुलाकडे निघून गेल्या. चौकशीत मी सांगितलं की दार उघडंच होतं, दाबाने अडकलं असेल. मग कुणीतरी म्हणालं, पावसावाल्याने घात केला, पाऊस धरताना पाळायचा उपास त्याने मोडला होता. दुसऱ्या दिवशी सगळं शहर तेच म्हणत होतं. आबांनी माझ्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. त्यांना मी एकदाच भेटलो, बाजारात. त्यांनी नुसतं विचारलं, "जेवलास का?" तुमच्या दारातून परत गेलेली ती टोपली माझ्या दारात यायला हवी होती.

वर्षभर मी हे पोटात घेऊन टी-शर्ट छापतोय. आणखी वर्षभर छापत राहिलो असतो, मला माझी खात्री आहे. पण परवा मंगळवारी मी हॉलच्या गल्लीतून गेलो. साखळी आलीये. नवी, जाड. या वर्षीची किल्लीवाली वेनिंग आहे, बँकेतली, मेळ्यासाठी दर वर्षी रजा काढते ती. चांगली बाई आहे. मला बघून म्हणाली, "बरा भेटलास! सगळे तुझ्याच यादीवर चालतात, मला पण एक सांग. शनिवारी चारला दार जरा शांत असतं ना? तीन गाण्यांपुरतं कुठे जाऊन येऊ?"

मी म्हटलं, "कुठेही जाऊ नकोस."

"अरे, कुलूप लावून जाईन की!"

"वेनिंग, पाऊस आला तर?"

ती हसली. "या वर्षी दोन-दोन पावसावाले आहेत रे. काय घाबरतोस!"

तिथून तसाच मेळ्याच्या कचेरीत गेलो आणि देदेन साहेबांना सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसंच. त्यांनी दार लावून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, "गुमी, फाइल बंद झालीये. आता उकरलंस तर मेळा बंद पडेल, चाळीस बँड घरी बसतील. साखळी काढली तर फुकटे घुसतात, तीच मोठी चेंगराचेंगरी. आणि वर्षभर गप्प बसलेल्याचं कोण ऐकणार? तुझंच काय होईल ते बघ." चहा पिऊन मी उठून आलो. मी त्यांचा चहा प्यायलो, हेही लिहून ठेवतो.

काल पोलीस ठाण्यापर्यंत दोनदा गेलो. दोन्ही वेळा समोरच्या बाक्सोचं सूप विकणाऱ्या गाडीपासून परत फिरलो. मी कसला माणूस आहे हे आता तुला कळलं असेल. म्हणून हे पत्र. एकदा व्हॅन सुटली की मला ते परत घेता येणार नाही.

आता तुझ्याकडून एक मागतो, आणि मागायचा मला काही हक्क नाही. माझं कुणी ऐकणार नाही, पण विल्दानच्या आईला आणि बहिणीला कुणी चहा पाजून परत पाठवू शकत नाही. हे पत्र आणि दोदोलच्या डब्यातली यादी घेऊन आजच गारुतच्या ठाण्यात जा, किंवा उद्या सकाळी इथल्या. अक्षर ताडून बघा म्हणावं, एकच आहे. शनिवारच्या आधी कुणीतरी वर्दीतलं माणूस त्या गल्लीत उभं राहिलं तर साखळी निघेल. नाही निघाली, तर इबूंना त्या भिंतीला टेकू देऊ नकोस. ती भिंत नाही, ते दार आहे, फक्त रंगवलेलं.

मी उद्या आबांकडे जाणार आहे. शनिवारी दुपारी बारापासून मी गल्लीत असेन. वेनिंगने हाकललं तरी समोर धोबीणबाईंच्या पायरीवर बसेन. पोलीस मला न्यायला आले तर तिथेच सापडेन, तसं त्यांना सांग. मला पळून जायचं नाही. पण साखळी निघायच्या आधी मला नेऊ नका, एवढं सांग.

आत्ता लिहितानाच खिडकीबाहेर काळं झालंय. आज सकाळी आठलाच. वारा अजिबात नाही.

पाकिटात किल्ली ठेवली आहे. ती आता कुठलंच कुलूप उघडत नाही, पण दुकानातल्या माझ्या खणात ती वर्षभर होती हे पोलिसांना दाखवता येईल. तुझी यादी परत मागत नाही. चार वाजताचा रकाना खोडून टाक, सुराबीचं मी खोटं लिहिलं होतं. तिथे काय लिहायचं ते आता तू ठरव.

दर वर्षी मी खाली नुसतं गुमी लिहायचो. आज ओळखपत्रावर आहे तसं लिहितो.

गुमिलार विरासस्मिता,
छपाई दुकान, चिहापित बाजाराच्या मागे, बांडुंग.
गेल्या वर्षी शनिवारी चार वाजता मेलाती हॉलच्या बाजूच्या दाराची किल्ली ज्याच्या खिशात होती, तो.